नमुना अर्धवट राहिला तर निष्कर्ष कसा काढायचा? खान्देशातल्या सर्वेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कितीतरी लहानमोठी सर्वेक्षणं होत असतात. समाजकार्याचे विद्यार्थी पाड्यांवर फिरतात, शेतकरी कंपन्या केळीच्या बागा मोजतात, संस्था शाळेची, पाण्याची, कुपोषणाची माहिती गोळा करतात. नमुना बहुतेक जण नीट काढतात. अडचण त्यानंतर येते. काढलेल्या नमुन्यातला काही भाग हाती लागतच नाही: घराला कुलूप असतं, माणूस उत्तर देत नाही, कापूस आधीच वेचून झालेला असतो. मग जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. जिथे ‘समजा’ म्हटलं आहे, ते आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत, कुठल्याही गावाचे नाहीत.

आम्ही तळोदा आणि धडगाव तालुक्यांतून चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी २०० घरं काढली. ४०० पैकी ३०० भेटली. हा यादृच्छिक नमुनाच राहिला ना?

४०० घरांची निवड यादृच्छिक होती, ३०० घरांची नाही. पहिली निवड चिठ्ठ्यांनी केली आणि तिचे नियम तुम्हाला ठाऊक आहेत. दुसरी निवड परिस्थितीने केली आणि तिचे नियम कोणी लिहून ठेवलेले नाहीत. थोड्या घरांवरून सगळ्या तालुक्याबद्दल बोलता येतं ते एकाच आधारावर: प्रत्येक घर नमुन्यात येण्याची शक्यता किती, हे आपल्याला माहीत असतं. भेटलेल्या घराच्या बाबतीत ही शक्यता म्हणजे चिठ्ठी निघण्याची शक्यता गुणिले घर उघडं असण्याची शक्यता. त्यातला दुसरा आकडा कोरा आहे.

तो कोरा राहिल्याने बिघडतं कुठे, ते बघा. दिवाळीनंतर सातपुड्यातल्या पाड्यांवरची बरीच कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात. तुम्ही जानेवारीत गेलात आणि विचारलंत, की मुलं नियमित शाळेत जातात का. ज्यांची मुलं आईबापाबरोबर उसाच्या फडावर गेली आहेत, नेमकी तीच घरं बंद. म्हणजे घर ज्या कारणाने सुटलं, त्याच कारणाने त्याचं उत्तरही वेगळं असणार होतं. अर्धवट नमुन्याचा सगळा प्रश्न या एका गोष्टीत आहे, आणि खालची बहुतेक उत्तरं तिथेच येऊन पोचतात.

पण ७५ टक्के घरं भेटली म्हणजे चांगलंच झालं की! किती टक्के पुरेसे मानतात?

असा कोणताही टक्का नाही. ‘७० च्या वर असलं की चालतं’ असं काही मार्गदर्शक विद्यार्थ्यांना सांगतात, त्याला गणिताचा आधार नाही. सरासरीत येणारा कल, म्हणजे उत्तराचं एका बाजूला झुकणं, मोजण्याचं सूत्र साधं आहे: सुटलेल्यांचा वाटा गुणिले भेटलेल्यांत आणि सुटलेल्यांत असलेला फरक. समजा भेटलेल्या घरांत ८० टक्के मुलं नियमित शाळेत जातात आणि सुटलेल्या घरांत ४० टक्केच. सुटलेल्यांचा वाटा पाव, फरक ४० टक्क्यांचा, म्हणून तुमचं उत्तर १० टक्क्यांनी फुगलेलं आहे. फरक शून्य असेल, तर निम्मी घरं सुटली तरी उत्तर कुठल्याही बाजूला झुकत नाही, फक्त कमी नेमकं होतं.

नमुना मोठा केल्याने ही चूक जात नाही, हे मनावर कोरून घेण्यासारखं आहे. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या आणि २३ लाखांच्या आसपास परत आल्या. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट सुमारे ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांच्या याद्यांवरून पत्ते घेतले होते, ही एक चूक. ज्यांनी पत्रिका परत पाठवल्या ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते, ही दुसरी.

चांगल्या सर्वेक्षणांतही सुटणारे सारख्या प्रमाणात सुटत नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात निवडलेल्या स्त्रियांपैकी ९७ टक्क्यांची मुलाखत झाली, पुरुषांपैकी ९२ टक्क्यांची. कामासाठी बाहेर असलेला माणूस मुलाखतीत कमी येतो. त्यामुळे स्थलांतराबद्दल किंवा मजुरीबद्दल विचारायचं असेल, तर हे पाच टक्के महत्त्वाचे होतात.

बंद घराऐवजी शेजारचं उघडं घर घेतलं तर ४०० चा आकडा पूर्ण होतो. हे चालेल?

नाही. याने फक्त अर्जांची संख्या भरते. बंद घराच्या जागी तुम्ही आणखी एक उघडं घर घेतलंत, म्हणजे जे घरी असतात त्यांचीच संख्या वाढवलीत. कल होता तेवढाच राहिला, आणि अहवालात मात्र ‘४०० पैकी ४००’ असं छापून आलं. वाचणाऱ्याला शंका घ्यायलाही जागा उरली नाही. बदली घर घ्यायचंच असेल, तर ते आधी ठरवलेल्या राखीव यादीतून घ्यावं, मूळ घर कोणतं आणि ते का सुटलं याची नोंद ठेवावी, आणि अहवालात बदली घरांचा आकडा वेगळा द्यावा. तसं केलं तरी कल जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

माहिती सुटण्याचे प्रकार कोणते?

संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली केलेली विभागणी आजही वापरतात. तिचे तीन भाग आहेत.

पहिला भाग: सुटण्याचा कशाशीच संबंध नाही. तापी ओलांडताना पिशवीतले काही अर्ज भिजले, पण ते कोणत्या घरांचे हा निव्वळ योगायोग होता. इथे उरलेला नमुना लहान झाला, पण वाकडा झाला नाही. प्रत्यक्षात असं क्वचितच घडतं.

दुसरा भाग: सुटण्याचा संबंध आहे, पण तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टींशी. डोंगरातल्या पाड्यांवर घरं जास्त सुटली, सपाटीवर कमी. मात्र एकाच पाड्यावरची भेटलेली आणि सुटलेली घरं एकमेकांसारखीच आहेत. इथे वजन देऊन, म्हणजे जिथे घरं जास्त सुटली तिथल्या भेटलेल्या प्रत्येक घराला हिशेबात जास्त महत्त्व देऊन, हिशेब दुरुस्त करता येतो.

तिसरा भाग सगळ्यांत अवघड, कारण सुटण्याचा संबंध उत्तराशीच आहे. सावकाराचं कर्ज किती, असं विचारलं की ज्याच्यावर जास्त कर्ज आहे तोच गप्प बसतो. ऊसतोडीच्या घरांचंही असंच. अशा वेळी हातातल्या अर्जांची कितीही उलटापालट केली तरी सुटलेल्यांचं उत्तर त्यांतून निघत नाही.

आमचा प्रकार कोणता, हे आकड्यांवरून तपासता येतं का?

पहिला प्रकार नाही, एवढं कधीकधी दाखवता येतं. सुटलेल्या घरांचा पाडा, रेशनकार्डाचा रंग, कुटुंबातली माणसं ही माहिती यादीत असेल, तर ती भेटलेल्यांशी ताडून बघा. ठळक फरक दिसला, तर सुटणं निव्वळ योगायोगाचं नाही. पण दुसरा प्रकार की तिसरा, हे हातातल्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. ते ठरवायला जी माहिती लागते, नेमकी तीच सुटलेली असते.

मग ठरवायचं कशावरून? परिसराच्या ओळखीवरून. अंगणवाडीताई, आशाताई, पोलीस पाटील यांना कोणतं घर कधी बंद असतं आणि का, हे ठाऊक असतं. ते विचारा आणि लिहून ठेवा. माझ्या मते ही चौकशी कोणत्याही चाचणीपेक्षा जास्त उपयोगी पडते, आणि दुर्दैवाने सगळ्यांत कमी केली जाते.

काहीही गृहीत न धरता आम्ही काय सांगू शकतो?

टोकाच्या दोन मर्यादा. समजा ३०० पैकी २४० घरांत मुलं नियमित शाळेत जातात. सुटलेल्या शंभराही घरांत जात असतील, तर ४०० पैकी ३४०, म्हणजे ८५ टक्के. एकाही घरात जात नसतील, तर ४०० पैकी २४०, म्हणजे ६० टक्के. तुमच्या ४०० घरांचं खरं उत्तर ६० ते ८५ च्या मध्ये आहे, आणि त्यासाठी कुठल्याही गृहीताची गरज नाही. चार्ल्स मान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने अशा मर्यादांवर बरंच काम केलं आहे.

आता नेहमीचा हिशेब करून बघा. सुटलेल्यांना विसरून फक्त ३०० घरं धरली, तर उत्तर ८० टक्के येतं आणि ९५ टक्के विश्वासाची मर्यादा (निवडीच्या योगायोगाने उत्तर जितकं इकडेतिकडे होऊ शकतं ती पट्टी) ७५.५ ते ८४.५. ही पट्टी अरुंद आहे म्हणून ती आवडते. पण ती फक्त चिठ्ठ्यांच्या योगायोगाची चूक मोजते, बंद दारांची नाही.

६० ते ८५ एवढी रुंद पट्टी घेऊन कोणाकडे जायचं? ती अरुंद करायला काय करावं?

पुन्हा जावं, पण सगळ्यांकडे नाही. संख्याशास्त्रज्ञ मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ यांनी १९४६ साली मांडलेली ही युक्ती गरीब संस्थेलाही परवडते. सुटलेल्या १०० घरांतून पुन्हा चिठ्ठ्या टाकून २५ घरं काढा आणि त्या पंचविसांच्या मागे सगळी ताकद लावा. एकही सोडू नका.

इथे वेळ निवडणं महत्त्वाचं. सातपुड्यात होळी हा वर्षातला सगळ्यांत मोठा सण. भोंगऱ्या हाट (होळीआधीचा बाजार) भरतो, काठी गावची होळी पेटते, आणि लांब गेलेली माणसंही त्या दिवसांत पाड्यावर परतायला बघतात. तेव्हा गेलात तर जानेवारीत कुलूप दिसलेलं दार उघडं सापडण्याची शक्यता कितीतरी वाढते. सणाच्या मुख्य दिवशी मात्र कोणाला अर्ज भरायला बसवू नका. आधी किंवा नंतर जा.

समजा २५ पैकी १० घरांत मुलं नियमित शाळेत जातात, म्हणजे ४० टक्के. आता हिशेब असा: तीन चतुर्थांश भागाचे ८० आणि पाव भागाचे ४०. ०.७५ × ८० + ०.२५ × ४० = ७०. विश्वासाची मर्यादा साधारण ६४ ते ७६ येते. आधीच्या ७५.५ ते ८४.५ पेक्षा ती रुंद आहे, पण योग्य जागी आहे. आधीच्या पट्टीत ७० बसतच नव्हता, हे बघा. पंचवीस घरांच्या पायपिटीने जे साधलं, ते सपाटीवरच्या आणखी हजार घरांनीही साधलं नसतं.

पुन्हा जायला पैसे नाहीत. वजन देऊन भागेल का?

थोडंफार. समजा तळोद्यात २०० पैकी १८० घरं भेटली आणि धडगावात २०० पैकी १२०. तळोद्याच्या प्रत्येक अर्जाला २०० भागिले १८०, म्हणजे १.११ वजन द्या. धडगावच्या अर्जाला २०० भागिले १२०, म्हणजे १.६७. दोन्ही तालुक्यांतल्या कुटुंबांची संख्या सारखीच आहे असं इथे सोयीसाठी धरलं आहे. ती तशी नसेल, तर त्या प्रमाणातही वजन बदलावं लागेल.

तळोद्यात १५६ घरांत मुलं शाळेत जातात आणि धडगावात ८४ घरांत, असं धरलं तर प्रमाण ८६.७ आणि ७० टक्के येतं, आणि वजन दिल्यावर एकूण ७८.३. ८० वरून ७८.३ वर आलो. पण पुन्हा जाऊन आलेलं उत्तर ७० होतं. मधलं अंतर वजनाने भरलं नाही, कारण धडगावातली बंद घरं धडगावातल्या उघड्या घरांसारखी नव्हती. वजन देणं चुकीचं नाही, ते द्याच. मात्र ज्या गोष्टीमुळे घर सुटलं ती तुमच्या वजनात नसेल, तर दुरुस्ती अर्धीच होते.

कोऱ्या रकान्यात सरासरी भरली तर?

करू नका. सरासरी भरल्याने आकड्यांतला चढउतार खोटाच कमी होतो आणि निष्कर्ष असतो त्यापेक्षा पक्का भासतो. भरायचंच असेल तर रुबिन यांची अनेकवार भरण्याची रीत आहे. इतर माहितीच्या आधारे प्रत्येक कोरा रकाना समजा वीस वेळा वेगवेगळ्या शक्य उत्तरांनी भरायचा, वीस संचांचे वीस निष्कर्ष काढायचे, आणि त्यांच्यातली तफावत अंतिम चुकीत मिळवायची. ही रीत दुसऱ्या प्रकारच्या सुटण्याला लागू पडते.

कर्जासारख्या तिसऱ्या प्रकारात एक पाऊल पुढे जावं लागतं. उत्तर न देणाऱ्यांचं कर्ज इतरांपेक्षा १० टक्के जास्त धरून बघा, मग २५ टक्के, मग ५० टक्के. कोणत्या टप्प्यावर तुमचा निष्कर्ष उलटतो, ते सांगा. वाचणारा मग स्वतः ठरवू शकतो, की तेवढा फरक त्याला शक्य वाटतो की नाही.

एक साधी गोष्ट इथेच सांगतो, कारण तिच्यावाचून वरचं काहीच जमत नाही. ‘विचारलं नाही’, ‘उत्तर दिलं नाही’, ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘शून्य’ या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. पाचही ठिकाणी कोरा रकाना सोडला, तर घरी आल्यावर कोणालाही त्या वेगळ्या करता येत नाहीत.

रावेर, यावलकडच्या केळीची रास (घडाचं सरासरी वजन) काढायला आम्ही व्यापाऱ्याच्या पावत्यांमधून यादृच्छिक निवड केली. यात काय कमी आहे?

पावत्यांतली निवड यादृच्छिक आहे, पण पावत्याच अपुऱ्या आहेत. ‘सीएमव्ही’ या विषाणूजन्य रोगाने उपटून बांधावर फेकलेली रोपं, मे-जूनच्या वादळात आडवी झालेली खोडं, व्यापाऱ्याने नाकारलेला घड, यांची पावती कधी फाटतच नाही. बंद घर निदान यादीत तरी असतं. हे घड यादीतच नाहीत, म्हणून किती सुटले हेही कळत नाही. अशा पावत्यांवरून ‘विकल्या गेलेल्या घडांची रास’ सांगता येते, ‘लावलेल्या झाडांची’ नाही. शेतकऱ्याला एकरी उत्पन्न सांगायचं असेल, तर मोजणी लावलेल्या खोडांपासून सुरू करावी लागेल.

माणसांच्या याद्यांचंही तसंच. २०११ च्या जनगणनेनंतरच्या पडताळणीत हजारी २३ माणसं निव्वळ सुटल्याचं आढळलं, आणि ती तर देशातली सगळ्यांत मोठी मोजणी. नवा वसलेला पाडा ग्रामपंचायतीच्या जुन्या यादीत आहे का, हे चिठ्ठ्या टाकण्याआधी बघा.

आमचा ताणकाटा २५ किलोपर्यंतच मोजतो. त्यावरचे घड गाळले तर चालेल?

गाळू नका आणि २५ असंही लिहू नका. ‘२५ पेक्षा जास्त’ असं लिहा. घड आहे, तो २५ च्या वर आहे, एवढी पक्की माहिती तुमच्याकडे आहे आणि ती वापरणाऱ्या रीती संख्याशास्त्रात आहेत. मध्यक, म्हणजे घड वजनाच्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं वजन, काढायचा असेल तर रीतीचीही गरज नाही: निम्म्याहून कमी घड २५ च्या वर असले, तर मध्यक जसाच्या तसा निघतो.

कोणीतरी हलके घड वगळून यादी दिली असावी असा संशय आहे. तो तपासता येतो का?

येतो, पण एका अटीवर: त्या वाणाच्या घडांच्या वजनाचं वाटप, म्हणजे कोणत्या वजनाचे किती टक्के घड असतात हे, तुम्हाला दुसरीकडून, भरवशाच्या जुन्या नोंदींवरून माहीत हवं. संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन जॉन्सन यांनी अशा चाचण्यांवर काम केलं. मागचा विचार सोपा आहे. पूर्ण नमुन्यात १९ घड असतील, तर त्यातला सगळ्यांत हलका घड वाटपात सरासरीने खालच्या विसाव्या भागाच्या, म्हणजे ५ टक्क्यांच्या सीमेवर येतो. तुमच्या यादीतला सगळ्यांत हलका घड २० टक्क्यांच्या सीमेवर असेल तर? खालच्या २० टक्क्यांत १९ पैकी एकही घड न येण्याची शक्यता ०.८ चा १९ वा घात, म्हणजे सुमारे १.४ टक्के. योगायोगाने हे घडू शकतं, पण संशयाला जागा आहे.

वाटप ठाऊक नसेल, तर फक्त त्या १९ आकड्यांकडे बघून हे ठरवता येणार नाही. ते एखाद्या चांगल्या बागेचे पूर्ण आकडेही असू शकतात. आणि चाचणीने संशय दाखवला, तरी कोणी मुद्दाम वगळलं असं सिद्ध होत नाही. आधी विचारा.

कापसाच्या पीक कापणी प्रयोगात हा प्रश्न कसा येतो?

या प्रयोगात शेतात ठरावीक मापाचा प्लॉट आखून त्यातलं पीक तोलतात आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज काढतात. पण कापूस एकदाच निघत नाही. प्लॉटमधली प्रत्येक वेचणी वेगळी तोलून बेरीज करावी लागते. दोन भेटींच्या मध्ये शेतकऱ्याने मजूर मिळाले म्हणून वेचून घेतला, की तेवढी वेचणी बेरजेतून गेली. इथे चुकीची दिशा तरी माहीत असते: उत्पन्न कमीच दिसणार. पण सगळ्या शेतांत सारखं कमी दिसत नाही. हंगामपूर्व बागायती कापूस लवकर फुटतो, कोरडवाहू उशिरा. पथक उशिरा पोचलं, तर बागायती शेतांची वेचणी जास्त हुकते. गुलाबी बोंडअळीमुळे ज्यांनी लवकर पऱ्हाटी उपटली, त्यांचा प्लॉटच हातातून जातो, आणि ज्यांचं नुकसान झालं तेच सुटतात. पंतप्रधान पीक विम्यासाठी उत्पन्न ठरवताना कापणी प्रयोगांचे आकडे वापरतात. त्यामुळे हुकलेली वेचणी ‘हुकली’ अशीच नोंदवली पाहिजे, शून्य म्हणून नाही.

साताऱ्याच्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवलं, की कापणीचा प्लॉट फार लहान घेतला तर कडेची झाडं आत धरली जातात आणि उत्पन्न फुगतं. दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस लहान प्लॉटच्या बाजूचे होते आणि दोघांत मोठा वाद झाला. प्लॉटची दोरी ताणताना तो वाद आठवावा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाकली, पाच हजार उत्तरं आली. यावर विश्वासाची मर्यादा काढू का?

नाही. ज्यांनी उत्तर दिलं त्यांची शक्यताच माहीत नाही, तर मर्यादा कशाची काढणार? ‘उत्तर देणाऱ्या पाच हजारांपैकी इतके’ एवढंच लिहा.

अहिराणी किंवा पावरी बोलणारे लोक मराठी प्रश्न अर्धवट सोडतात. हेही सुटणंच का?

हो, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. ज्या भाषेत घरात बोलतात त्या भाषेत विचारणारा सोबत न्या. भाषेमुळे सुटलेला प्रश्न नंतर कोणत्याही सूत्राने भरून निघत नाही.

अहवालात नेमकं काय लिहावं?

किती घरं काढली, किती भेटली, किती बंद, किती नाही म्हणाली, किती यादीत होती पण जागेवर नव्हती. हे पाच आकडे तालुकावार, पहिल्या पानावर. कोणत्या महिन्यात गेलात, कितीदा गेलात. मग नेहमीचं उत्तर, शेजारी टोकाच्या मर्यादा, आणि तुम्ही धरलेलं गृहीत सरळ वाक्यात: ‘बंद घरं त्याच पाड्यावरच्या उघड्या घरांसारखी आहेत असं धरलं आहे.’ हे वाक्य लिहिताना तुमचंच मन कचरत असेल, तर गृहीत बदला.

हे सगळं करायला महागडं सॉफ्टवेअर लागतं का?

टोकाच्या मर्यादा, वजन आणि पुन्हा भेटीचा हिशेब साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. वरची सगळी उदाहरणं तशीच करून बघता येतील. रकाने अनेकवार भरण्यासाठी ‘आर’ ही फुकट मिळणारी प्रणाली आहे आणि तिच्यात ‘माइस’ नावाचं पॅकेज. ते शिकायला वेळ लागतो, म्हणून आधी २५ बंद घरांची यादी काढून होळीच्या आसपासच्या फेरीची तयारी करा.